जीवाश्म मार्गदर्शिका

खडकांत सापडणाऱ्या प्राचीन जीवांच्या अवशेषांची, म्हणजे जीवाश्मांची ओळख पटविण्यास साहाय्य व्हावे म्हणून रचलेल्या सचित्र संदर्भपुस्तिकेस जीवाश्म मार्गदर्शिका म्हणतात. एखाद्या जीवसमूहाचे सर्वांगीण वर्णन करणारा प्रबंध किंवा संग्रहालयातील नमुन्यांची सूची यांपासून ती वेगळी असते. प्रबंध तज्ञांसाठी असतो. मार्गदर्शिका मात्र समुद्रकाठच्या कड्याखाली, दगडाच्या खाणीत किंवा कोळशाच्या खाणीबाहेरील टाकाऊ दगडांच्या ढिगावर हाती आलेला तुकडा घेऊन बसलेल्या हौशी संग्राहकासाठी असते. अशा पुष्कळशा मार्गदर्शिका एकट्या लेखकाच्या नसून अनेक संग्राहकांनी आपापले नमुने, नोंदी व चित्रे एकत्र करून तयार केलेल्या आहेत. तसे होण्यास कारण आहे. एका प्रदेशातील जीवाश्मांचे सर्व प्रकार एकाच व्यक्तीच्या संग्रहात क्वचितच असतात आणि दुर्मिळ जाती तर अनेकांनी अनेक वर्षे शोध घेतल्यावरच एक-दोनदा सापडतात.

जीवाश्म ओळखणे हे जिवंत फुलपाखरू किंवा पक्षी ओळखण्याइतके सरळ नसते. बहुधा मूळ जीवाचा थोडा भागच शिल्लक असतो व तोही दबलेला, झिजलेला किंवा दगडात अर्धा रुतलेला असतो. शिंपला विरघळून गेल्यावर त्याच्या पोकळीत भरलेल्या गाळाचा साचा मागे राहतो. त्यावर बाहेरच्या रेघा नसून आतील स्नायूंचे ठसे असतात, त्यामुळे एकाच शिंपल्याचे दोन अवशेष नवख्या माणसास दोन भिन्न जीव वाटतात. वनस्पतींच्या बाबतीत गुंतागुंत अधिक आहे. झाडाचे खोड, पाने, मुळे व बीजुकधारी शंकू सहसा सुटेसुटेच सापडत असल्याने वैज्ञानिकांनी त्यांना वेगवेगळी नावे दिली आणि ती एकाच झाडाची असल्याचे पुढे कळले तरी ती रूढ राहिली. उदा., कोळशाच्या थरांबरोबर आढळणाऱ्या, आजच्या एक्विसीटमच्या नात्यातील वृक्षाच्या खोडास कॅलॅमाइटीस, पानांच्या मंडलास ॲन्युलॅरिया व शंकूस कॅलॅमोस्टॅकिस म्हणतात. ही गोष्ट मार्गदर्शिकेने सांगितली नाही, तर वाचक एकाच झाडाची तीन झाडे करून बसतो.

पूर्वपीठिका : या प्रकारच्या ग्रंथरचनेचा उगम ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झाला. कालव्यांच्या खोदकामावर देखरेख करणारे भूमापक विल्यम स्मिथ (१७६९–१८३९) यांनी प्रत्येक थर त्यातील विशिष्ट जीवाश्मांवरून ओळखता येतो हे दाखवून दिले. थरवार जीवाश्मांची चित्रे देणारा त्यांचा ग्रंथ १८१६ पासून भागाभागाने निघू लागला. त्यातील चित्रपत्रे त्या त्या थराच्या रंगाशी जुळणाऱ्या रंगीत कागदांवर छापलेली होती. पुस्तक हातात धरून खडकाशी ताडून पाहावे, हा मार्गदर्शिकेचा मूळ हेतू त्यात स्पष्ट दिसतो. तथापि योजलेल्या सात भागांपैकी चारच प्रसिद्ध झाले.

स्मिथ यांच्या ग्रंथाची चित्रे काढणारे जेम्स सोवर्बी (१७५७–१८२२) हे मूळचे वनस्पतींचे चित्रकार. ‘मिनरल कॉन्कॉलॉजी ऑफ ग्रेट ब्रिटन’ हा त्यांचा ग्रंथ १८१२ पासून वर्गणीदारांसाठी लहान लहान भागांत निघू लागला. देशभरातील पाद्री, वैद्य, जमीनदार व खाणींचे व्यवस्थापक आपल्याकडील शंख-शिंपले त्यांच्याकडे पाठवीत. सोवर्बी त्यांची चित्रे काढीत, नाव ठरवीत आणि नमुना कोणी व कोठून पाठविला हे मजकुरात नोंदवीत. ज्यांनी नमुने पुरविले त्यांतील पुष्कळजण त्याच ग्रंथाच्या आधारे आपले उरलेले नमुने ओळखीत असत. विल्टशर परगण्यातील एथेलड्रेड बेनेट (१७७६–१८४५) या विदुषीने असे अनेक नमुने पुरविले होते. ज्या काळी भूवैज्ञानिक संस्थांचे सभासदत्व स्त्रियांना मिळत नसे, त्या काळी त्यांचे काम अशा सामायिक ग्रंथातूनही नावानिशी लोकांसमोर आले, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. सोवर्बी यांच्या मृत्यूनंतर त्यांचे पुत्र जेम्स डी कार्ल सोवर्बी (१७८७–१८७१) यांनी हे काम १८४६ पर्यंत चालू ठेवले. तोवर सु. ६५० चित्रपत्रे तयार झाली होती. सोवर्बी पितापुत्रांचा संग्रह पुढे ब्रिटिश म्यूझीयमने विकत घेतला. त्यामुळे ग्रंथातील चित्राविषयी शंका आल्यास मूळ नमुना काढून पाहणे शक्य झाले.

लंडन शहराखालील चिकणमातीच्या थरात (सु. ५ कोटी वर्षांपूर्वीच्या) सापडणाऱ्या जीवाश्मांचे वर्णन प्रसिद्ध करावे, या हेतूने १८३६ मध्ये काही हौशी संग्राहकांनी ‘लंडन क्ले क्लब’ हे मंडळ काढले. मद्यार्क गाळण्याचा व्यवसाय असलेले जे. एस. बौअरबँक (१७९७–१८७७), ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर तरुणपणी नोकरी केलेले सर्ल्स व्हॅलेंटाइन वुड (१७९८–१८८०) आणि धाकटे सोवर्बी हे त्याचे सभासद होते. या लहानशा मंडळातूनच १८४७ मध्ये पॅलिआँटोग्राफिकल सोसायटी ही संस्था उभी राहिली. ब्रिटनमधील सर्व जीवाश्मांची चित्रे व वर्णने सभासदांच्या वार्षिक वर्गणीतून छापावयाची, असा तिचा संकल्प होता. तो अजून पुरा झालेला नाही व प्रकाशन चालू आहे.

या ग्रंथपरंपरेचा भारताशी, विशेषतः विदर्भाशी प्रत्यक्ष संबंध आलेला आहे. मद्रासच्या लष्करी सेवेतील शल्यवैद्य जे. जी. माल्कमसन यांनी दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या (बेसाल्टाच्या) थरांमध्ये असलेल्या गाळाच्या पातळ थरांतून गोड्या पाण्यातील शंख गोळा केले. त्यांतील सर्वांत ठळक शंखाला धाकट्या सोवर्बी यांनी १८४० मध्ये फायसा प्रिन्सेपी हे नाव दिले. पुढे नागपूर येथील मिशनरी स्टीव्हन हिस्लॉप (१८१७–६३) यांनी आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह शहराजवळील टाकळी व इतर ठिकाणांहून शंख, बिया, फळे व कीटक जमवून ते लंडनला पाठविले. त्यांतील शंखांचे वर्णन हिस्लॉप यांनी स्वतः लिहिले व ते १८६० मध्ये प्रसिद्ध झाले. दोघेही व्यवसायाने भूवैज्ञानिक नव्हते. सोवर्बी यांच्या त्या शंखाची प्रजाती नंतर बदलली आणि बुलिनस, प्लॅटिफायसा अशी नावे त्यास मिळाली. परंतु प्रिन्सेपी हे जातिनाम व त्यामागील नमुना कायम राहिल्यामुळे जुन्या व नव्या लेखनाचा मेळ घालता येतो.

रचना : चांगल्या मार्गदर्शिकेत चित्राला मजकुरापेक्षा अधिक महत्त्व असते. शंख ठराविक रीतीने, म्हणजे टोक वर व मुख वाचकाकडे असे धरून दाखवितात. वर उल्लेखिलेल्या फायसाचे मुख अशा मांडणीत डाव्या हाताला येते, तर बहुतेक शंखांचे उजव्या हाताला येते. ताम्रपटावर कोरलेले चित्र छापताना उलटे उमटते. त्यामुळे जुन्या काळी कोरक्याने ही गोष्ट ध्यानात घेतली नाही, तर उजव्या वळणाचा शंख पुस्तकात डाव्या वळणाचा होत असे. छायाचित्रांचा वापर सुरू झाल्यावर ही अडचण दूर झाली, पण दुसरी उपस्थित झाली. डागाळलेल्या पृष्ठभागावरील रंगाचे फरक छायाचित्रात उठून दिसतात आणि ज्या उंचवट्यांवर ओळख अवलंबून असते ते दबून जातात. यावर उपाय म्हणून नवसागर तापवून त्याच्या धुराचा पांढरा पातळ लेप नमुन्यावर देतात आणि प्रकाश वरच्या डाव्या बाजूकडून पाडतात. प्रकाशाची दिशा सर्व चित्रांत एकच ठेवण्याचा संकेत पाळला नाही, तर खळगा कोणता व उंचवटा कोणता हे पाहणाऱ्यास कळत नाही. लेप पाण्याने धुऊन टाकता येतो. कित्येक विषयांत आजही छायाचित्रापेक्षा जाणकाराने काढलेले रेखाचित्र अधिक उपयोगी ठरते. लंडनच्या ब्रिटिश म्यूझीयमच्या निसर्गेतिहास विभागाने १९५९, १९६२ व १९६४ मध्ये अनुक्रमे नवजीव, मध्यजीव व पुराजीव महाकल्पांतील ब्रिटिश जीवाश्मांच्या ज्या तीन पुस्तिका काढल्या, त्या रेखाचित्रांच्याच आहेत. प्रत्येक चित्राबरोबर नाव, प्रमाण, थर व ठिकाण एवढीच माहिती दिलेली असून त्यांच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

या पुस्तिकांची एक मर्यादा मात्र सर्वच मार्गदर्शिकांना लागू आहे. त्यांत सामान्यतः आढळणाऱ्या जातीच असतात. त्यामुळे वाचक आपल्या हातातील नमुना जवळात जवळच्या चित्रात कसाबसा बसवितो आणि जो नमुना खरोखर नवा असतो तोच चुकीच्या नावाखाली दडून राहतो. म्हणून काळजीपूर्वक केलेल्या मार्गदर्शिकांत प्रत्येक जातीबरोबर ‘हिच्याशी गल्लत होण्याजोग्या जाती’ सांगितलेल्या असतात आणि नमुना अपुरा असल्यास प्रजातीच्या किंवा कुलाच्या नावाशीच थांबण्याचा सल्ला दिलेला असतो. ‘अमुक जातीशी तुलनीय’ अशी नोंद करण्याची रीत तज्ञही पाळतात व तीत कमीपणा नाही. एकाआड एक दोन-दोन पर्यायी लक्षणे देऊन नावापर्यंत नेणारी किल्ली वनस्पतिविज्ञानात फार उपयोगी पडते. जीवाश्मांच्या बाबतीत ती बऱ्याचदा अर्ध्यावर अडते, कारण तिने विचारलेला भाग नमुन्यात उरलेलाच नसतो. जीवाश्म नसून तसे भासणाऱ्या वस्तूंसाठीही एखादे चित्रपत्र राखून ठेवणे इष्ट असते. खडकाच्या भेगांत मँगॅनीज ऑक्साइडांची नेच्याच्या पानासारखी नक्षी उमटते. दख्खनच्या बेसाल्टात मिळणाऱ्या शेवाळी अकीकातील हिरव्या तंतूंतही शेवाळाचा अंश नसतो, ती खनिजेच होत.

मेझन क्रीक येथील मार्गदर्शिका : हौशी संग्राहकांनी सामुदायिक रीत्या घडविलेल्या मार्गदर्शिकांचे सर्वांत बोधप्रद उदाहरण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील इलिनॉय राज्यात आढळते. शिकागोच्या नैर्ऋत्येस मेझन क्रीक या ओढ्याच्या परिसरात सु. ३१ कोटी वर्षांपूर्वीच्या शेल खडकात सिडेराइट या लोहखनिजाच्या गोल-लांबट गाठी असतात. त्यांच्या पोटात नेचे, कीटक, कोळंबीसारखे प्राणी, कृमी व मासे यांचे ठसे असतात. एरवी कुजून नाहीसे होणारे मऊ शरीराचे प्राणीही येथे टिकून राहिल्याने हे ठिकाण जगप्रसिद्ध आहे. ओढ्याच्या काठी गाठी थोड्याच मिळत. वरचा खडक काढून कोळसा उघडा करण्याची पद्धत विसाव्या शतकात सुरू झाल्यावर मात्र त्यांचे डोंगर उघड्यावर येऊन पडले. गाठ हातोड्याने फोडल्यास वेडीवाकडी फुटते. म्हणून संग्राहक ती पाण्यात भिजवून गोठवितात व वितळू देतात. असे अनेकदा केल्यावर जीवाश्माच्या पातळीतच ती उकलते व ठशाचे दोन्ही भाग मिळतात.

जॉर्ज लँगफर्ड (१८७६–१९६४) हे जोलिएट शहरातील अभियंते. १९३० नंतरच्या दशकात ते आपल्या मुलासह विल्मिंग्टन भागातील ढिगांवर जीवाश्म गोळा करू लागले. पुढे ते शिकागोच्या फील्ड म्यूझीयममध्ये वनस्पतिजीवाश्मांचे अभिरक्षक झाले. त्यांनी लिहिलेले वनस्पतींवरील पुस्तक १९५८ मध्ये व प्राण्यांवरील पुस्तक १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. ती १९४९ मध्ये स्थापन झालेल्या ‘अर्थ सायन्स क्लब ऑफ नॉर्दर्न इलिनॉय’ या हौशी मंडळाशी संबंधित प्रकाशनसंस्थेने काढली. याच सुमारास फ्रान्सिस टुली या नळकाम करणाऱ्या कारागिराला एका गाठीत विलक्षण प्राणी सापडला. लांबट शरीर, पुढे दातेरी चिमट्यात संपणारी सोंड आणि आडव्या दांडीच्या टोकांवरील डोळे असलेला हा प्राणी फील्ड म्यूझीयममधील तज्ञांनाही ओळखता आला नाही. तेथील अभिरक्षक यूजीन रिचर्डसन यांनी १९६६ मध्ये त्यास टुलिमाँस्ट्रम ग्रेगॅरियम हे नाव दिले. जातिनाम ‘कळपाने आढळणारा’ या अर्थाचे आहे, कारण तोवर संग्राहकांनी आपापल्या पेट्यांतून असे पुष्कळ नमुने पुढे आणले होते. १९८९ मध्ये त्यास राज्याचा अधिकृत जीवाश्म ठरविण्यात आले. तो पृष्ठवंशी असल्याचे मत २०१६ मध्ये मांडले गेले, २०१७ व २०२३ मध्ये त्याविरुद्ध पुरावे पुढे आले. त्यामुळे त्याचे वर्गीकरणातील स्थान ‘अनिश्चित’ असे दर्शविणे हेच मार्गदर्शिकेसाठी योग्य ठरते.

रिचर्डसन यांनी संग्राहकांशी सतत संपर्क ठेवला व प्राण्यांच्या मार्गदर्शिकेचे काम हाती घेतले, पण १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले. अनेक तज्ञ व हौशी अभ्यासकांनी ते काम पुरे केले आणि १९९७ मध्ये ती मार्गदर्शिका रिचर्डसन यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. उपर्युक्त मंडळानेही २००६ मध्ये वनस्पतींची व २०१२ मध्ये प्राण्यांची स्वतंत्र सचित्र पुस्तके काढली. हा उद्योग वेळीच झाला असे म्हणावे लागते. सर्वांत अधिक सागरी जीवाश्म देणारी ‘पिट ११’ ही खाण १९७० नंतरच्या दशकात बंद पडली व तिचा मोठा भाग पुढे ब्रेडवुड येथील अणुविद्युत् केंद्राचे पाणी थंड करणाऱ्या तलावाखाली गेला. इतर ढिगांवर झाडोरा वाढला. या ठिकाणांहून पूर्वी जे उचलले गेले व ज्याची नोंद राहिली तेच आता प्रामुख्याने अभ्यासाला उपलब्ध आहे.

नोंदीचे मोल किती, हे तेथील एका अगदी सामान्य जीवाश्मावरून दिसून येते. पिट ११ मधील असंख्य गाठींत फक्त एक अस्पष्ट फुगीर आकार दिसे. संग्राहक त्यास थट्टेने ‘गोळा’ म्हणत व पुष्कळदा फेकून देत. १९७९ मध्ये तो जेलीफिश मानून त्याचे एसेक्सेला ॲशेरी असे नामकरण झाले आणि पुढील सर्व मार्गदर्शिकांत तो त्याच रूपात दाखविला गेला. २०२३ मध्ये संग्रहालयांतील हजारो नमुने तपासल्यावर तो जेलीफिश नसून गाळात रुतून राहणारे समुद्रपुष्प असल्याचा निष्कर्ष निघाला. जो भाग वरचा घुमट समजला जात होता तो प्रत्यक्षात तळाचा होता, म्हणजे पुस्तकांतील चित्रे उलटी धरावयास हवी होती. ‘गोळे’ फेकून न देता ठिकाणाच्या चिठ्ठीसह संग्रहालयास देणारे काही हौशी लोक होते, म्हणूनच हे संशोधन होऊ शकले. मार्गदर्शिकेतील नाव चुकीचे निघाले, तरी ज्या नमुन्यावरून चित्र काढले त्याचा नोंदणी क्रमांक खाली दिलेला असेल, तर ती दुरुस्त करता येते. हा क्रमांक नसलेले उत्तम छायाचित्रही कालांतराने निरुपयोगी होते.

स्थाननिर्देश व जतन : सामायिक मार्गदर्शिका रचताना सर्वांत अधिक मतभेद ठिकाणाच्या उल्लेखाबाबत होतात. ठिकाण व थर माहीत नसलेल्या जीवाश्माचे शास्त्रीय मोल फार थोडे राहते. मेझन क्रीक भागात तर एका खाणीच्या गाठींत समुद्री प्राणी व दुसरीच्या गाठींत गोड्या पाण्यातील आणि जमिनीवरील जीव आढळत असल्याने, खाणीचे नाव गेले की अर्धी माहिती गेली. उलट नेमके ठिकाण छापले, तर विक्रीसाठी जीवाश्म उकरणारे तेथे पोहोचतात. यावर बहुतेक संपादकांनी स्वीकारलेला मार्ग असा की, पुस्तिकेत गाव व शैलसमूह एवढेच द्यावे आणि नेमकी जागा, थराची उंची व दिनांक नमुन्यासोबत संग्रहालयाच्या नोंदवहीत ठेवावीत.

इंग्लंडमधील डॉर्सेटच्या किनाऱ्यावर कडे सतत ढासळत असतात व न उचललेला जीवाश्म लाटांनी नष्ट होतो. तेथे गोळा करण्यास बंदी न घालता संहिता ठरविण्यात आली असून महत्त्वाच्या शोधांची नोंद करणे तीत अपेक्षित आहे. अमेरिकेत २००९ च्या कायद्याने काही संघराज्यीय जमिनींवरून सामान्य अपृष्ठवंशी व वनस्पतिजीवाश्म स्वतःसाठी थोड्या प्रमाणात घेण्यास मुभा ठेवली आहे, पृष्ठवंशींसाठी मात्र परवाना लागतो. म्हणून मार्गदर्शिकेत ओळखीबरोबर त्या प्रदेशातील नियमही दिलेले असतात.

जतनाच्या सूचनाही अशा पुस्तिकेचा आवश्यक भाग होत. टेम्स नदीच्या मुखाजवळील शेपी बेटाच्या किनाऱ्यावर लंडन चिकणमातीतील फळे व बिया पायराइट या लोह व गंधक यांच्या खनिजात रूपांतरित झालेल्या स्थितीत मिळतात. दमट हवेत पायराइटाचे ऑक्सिडीभवन होऊन नमुना तडकतो व अखेर त्याची भुकटी होते. लंडन क्ले क्लबच्या सभासदांनी जेथे संग्रह केला त्याच बेटावरील जीवाश्मांची सचित्र पुस्तिका मेडवे परिसरातील हौशी संग्राहकांनी २००० मध्ये काढली आणि २००९ मध्ये केंट व एसेक्स परगण्यांपर्यंत तिचा विस्तार केला. अशा ठिकाणचे नमुने धुऊन पूर्ण सुकवावे, कोरड्या हवेत ठेवावे आणि ते शाबूत असतानाच त्यांची मापे व छायाचित्रे घेऊन ठेवावीत.